सावड

२०१८ च्या नोव्हेंबरात, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना, मी कॉलेज सोडून ऊस तोडायला गेले. एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी परत आले आणि प्रयोगशाळेत माझ्या टेबलापाशी उभी राहिले. मी परत येऊ शकले, कारण मला ‘जाऊ नको’ असं न म्हणणारी एक मुलगी माझ्या खोलीत राहत होती.

आमचा तांडा बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात. आम्ही बंजारा, सरकारी कागदावर विमुक्त जाती. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या येतात आणि दिवाळीपर्यंत तांडा रिकामा होतो. म्हातारी माणसं, दोन-चार शेळ्या आणि कुलपं मागे राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्यावर उचल मिळते आणि उचल फिटेपर्यंत पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर, सातारा, नाहीतर थेट बेळगावकडच्या फडात राहायचं. माझी याडी, म्हणजे आई, आणि वडील वीस वर्षं असे गेले. चौथीपर्यंत मीही त्यांच्याबरोबर जायचे. त्यानंतर आजीजवळ राहून, गावातल्या हंगामी वसतिगृहात जेवून आठवी केली. पुढची चार वर्षं मामाकडे काढून बारावी झाले. तांड्यातली बारावी सायन्स झालेली मी पहिली मुलगी.

पहिलं असण्याचं लोकांना कौतुक वाटतं. माझ्या वाट्याला त्यातलं एकटेपण जास्त आलं. पुढे कुणीच गेलेलं नसतं, त्यामुळे कुठल्या खिडकीवर जायचं, कुठला दाखला आधी काढायचा, ‘ऑप्शनल सब्जेक्ट’ला काय लिहायचं, हे विचारायला घरात, भावकीत कुणी नसतं. औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) प्रवेश घ्यायला मी आणि वडील गेलो तेव्हा वडील कॉलेजच्या फाटकाबाहेर थांबले. आत आलं तर चालतं का, हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

टी.व्ही. सेंटर भागात कॉट बेसिसवर जागा मिळाली. एका खोलीत पाच कॉट. माझ्या शेजारची कॉट जिची होती तिला मी इथे ताईच म्हणते. लातूरकडची, मातंग समाजातली, त्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला. तिची आई केरसुण्या बांधून बाजारात विकायची. ताई माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी होती. हा ‘दोनच’ फार महत्त्वाचा आहे. वीस वर्षांनी मोठा माणूस आपली भीती विसरलेला असतो. ताईला पहिल्या वर्षी स्वतः कुठे कुठे रडली होती त्या जागाही आठवत होत्या. लायब्ररीच्या मागच्या जिन्यावर बसू नको, तिथे शिपाई हटकतो, पाण्याच्या टाकीमागे बस, हेही तिने मला सांगितलं होतं.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. प्रॅक्टिकलला टायट्रेशन होतं. ब्युरेट मी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलं. फिनॉल्फ्थॅलीन टाकलेल्या द्रावणाला अगदी फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं असतं. माझं दर वेळी गडद गुलाबी व्हायचं. सर म्हणाले, पुन्हा कर. तीनदा केलं, तीनदा चुकलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलींची रीडिंग लिहून संपली होती. त्या दिवशी संध्याकाळी ताईने खोलीतल्या बादलीवर सलाईनची नळी टांगली. दवाखान्यात काम करणाऱ्या तिच्या ओळखीच्या बाईंकडून तिने ती कधीची आणून ठेवली होती. नळीचं चाक बोटाने फिरवायला लावून म्हणाली, “घाबरून सोडून द्यायलीस तू. संपवायची घाई करायलीस. शेवटचा थेंब बघत बघत सोड.” तासभर मी बादलीत पाण्याचे थेंब मोजत बसले. पुढच्या आठवड्यात माझं रीडिंग बरोबर आलं. आज मी वाळूजच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये काम करते. टायट्रेशनला हात लावला की अजून ते चाक बोटाखाली जाणवतं.

भाषेचंही तसंच. घरी आम्ही गोरबोली बोलतो. माझं मराठी शाळेतलं, त्यात लिंगाच्या चुका व्हायच्या आणि वर्ग हसायचा. इंग्रजी तर अक्षरं लावून वाचण्याइतकंच. तोंडी परीक्षेत ‘प्रेसिपिटेट’ म्हणजे काय असं विचारलं तर मी गप्प. ताईने वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने पाडले. पहिल्यात इंग्रजी शब्द देवनागरीत, दुसऱ्यात मराठी, तिसरा रिकामा. “तिसऱ्यात तुझ्या बोलीतलं लिही,” म्हणाली. प्रेसिपिटेट म्हणजे साका, हे तिने लिहिलं. पुढचा रकाना मला भरायचा होता. आमच्या बोलीला लिपी नाही, ती कुठल्या वहीत लिहिता येते हेच मला तोवर माहीत नव्हतं. त्या वहीत शेवटी चारशेच्या वर शब्द झाले. माझी बोली कुणीतरी अभ्यासाच्या कामाची मानली, ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट होती.

मग नोव्हेंबर आला.

त्या वर्षी मराठवाड्यात दुष्काळ होता. दसऱ्यालाच गाड्या लागल्या होत्या. दिवाळी होऊन चार दिवस झाले आणि याडीचा फोन आला. वडिलांची कंबर धरली होती, उठता येत नव्हतं. एकटीच्या हाताने कोयता चालत नाही. एकाने तोडायचं, एकाने वाढं छाटून मोळी बांधायची, गाडी आली की दोघांनी डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून चढायचं. मुकादम खाडे लावत होता, म्हणजे न भरलेल्या दिवसांचे पैसे उचलीवर चढत होते. मामाचा मुलगा यायला तयार होता, पण तो दुसरीकडे कापूस वेचणीला अडकला होता. तोवर कुणीतरी हवं होतं. याडी ‘ये’ म्हणाली नाही. तिने फक्त हे सगळं सांगितलं आणि फोन ठेवला.

मी एका सरांना सांगितलं. भला माणूस. त्यांना खरोखर वाईट वाटलं. ते म्हणाले, काहीही झालं तरी शिक्षण सोडू नकोस, एकदा गेलीस की परत येणार नाहीस. ते म्हणाले ते खरंच होतं. अशा गेलेल्या मुली परत येत नाहीत. पण त्या सल्ल्यात माझ्या याडीचा कोयता कुणी धरायचा याचं उत्तर नव्हतं. मी खोलीवर येऊन बॅग भरायला लागले. पुस्तकं भरली नाहीत.

ताई क्लासवरून आली. बॅग बघितली, कॉटवर बसली. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: “किती दिवस?”

मला उत्तर येईना. मी दिवसांचा विचारच केला नव्हता. माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या, राहणं आणि जाणं. तिने कागद घेतला. सत्रात साधारण नव्वद दिवस तास होतात. पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. म्हणजे बावीस दिवस बुडाले तरी चालतं. माझे तीन आधीच बुडाले होते. “एकोणीस दिवस जा,” ती म्हणाली. “विसाव्या दिवशी सकाळच्या प्रॅक्टिकलला हजर. मामाच्या पोराला आत्ताच फोन लाव आणि तारीख ठरवून घे. तू आल्यावर बघू, असं म्हणायचं नाही. तारीख.” मग तिने माझी बॅग उपसून त्यात केमिस्ट्रीचं पुस्तक आणि ती तीन रकान्यांची वही घातली. जी प्रॅक्टिकलं बुडणार होती ती कुठल्या बॅचबरोबर भरून काढता येतील हे दुसऱ्या दिवशी तिनेच प्रयोगशाळेच्या सहायकांना विचारून घेतलं. एस.टी.च्या भाड्याला सहाशे रुपये दिले.

फडातले ते दिवस मी इथे फार लिहीत नाही. ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे. पहाटे चारला उठायचं. कोपीबाहेर चूल. उसाच्या पानाने हात-मान कापतात, पाचटाची कुसं अंगात शिरतात आणि पाणी घेतलं की चरचरतात. गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. मुलींनी आडोशाला कुठे आणि किती वाजता जायचं, हा एक वेगळाच हिशोब असतो आणि पाळी आली की तो हिशोब मोडतो. माझ्या वयाच्या तिथल्या बहुतेकींची लग्नं झाली होती, एकीला दोन लेकरं होती. ती तिसरीत माझ्या वर्गात होती.

रोज रात्री नऊनंतर ताई त्या दिवशीच्या नोट्सचे फोटो पाठवायची. रेंज टेकाडावर यायची. मी तिथे जाऊन उतरवून घ्यायचे. काही रात्री हात इतके सुजलेले असायचे की पेन धरवत नव्हतं, तेव्हा नुसतं वाचायचे. तिने त्या एकोणीस दिवसांत ‘हिंमत धर’ असं एकदाही लिहिलं नाही. ‘आजचे फोटो सहा. चौथा नीट आला नाही, उद्या परत काढते,’ असं लिहायची. त्या एका ओळीवर मी दुसरा दिवस काढायचे. कारण ‘उद्या परत काढते’ याचा अर्थ, उद्याही मी त्या वर्गात आहे.

विसाव्या दिवशी सकाळी मी थेट बस स्टँडवरून कॉलेजात गेले.

जानेवारीत मी तिचे सहाशे रुपये दोन हप्त्यांत परत केले. तिने ‘राहू दे गं’ म्हटलं नाही. मोजून घेतले, कारण तिचे स्वाधार योजनेचे पैसे यायचे होते आणि तिला खोलीचं भाडं द्यायचं होतं. मला त्याचं तेव्हाही वाईट वाटलं नाही, आज तर फार बरं वाटतं. तिने पैसे सोडून दिले असते तर ते उपकार झाले असते आणि उपकाराखाली मान वाकते. तिने घेतले म्हणून ते उसनं झालं. खेड्यात सावड असते. आज माझ्या शेतात तुम्ही सगळे या, उद्या मी तुमच्याकडे येते. कोण मोठं, कोण लहान हा प्रश्न त्यात येत नाही, कारण प्रत्येकाच्या शेतात तण आहे. आजोबांच्या अर्ध्या एकराच्या खडकाळ तुकड्यावर पेरणी अशीच व्हायची. मुलींनी मुलींना हात देण्याला आता ‘पिअर मेंटॉरिंग’ म्हणतात, त्याची प्रशिक्षणं होतात. मी त्याला सावडच म्हणते.

त्याच जानेवारीची ३ तारीख मला लक्षात आहे. सावित्रीबाईंची जयंती, बालिका दिन. कॉलेजात कार्यक्रम होता, पाहुण्या बाई छान बोलल्या. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होते की आज या दिवशी आमच्या तांड्यावर एकही मुलगी नाही. जिच्या शिक्षणाचा दिवस साजरा होतोय ती फडात आहे. हंगामच तसा आहे, ३ जानेवारी भर हंगामात येते. कार्यक्रम जूनमध्ये किंवा दसऱ्याच्या आधी तांड्यावर घेतला तर ती भेटेल. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही, आता जिथे बोलावतात तिथे बोलते.

संध्याकाळी ताईने झेरॉक्सची चार पानं काढली. मुक्ता साळवेचा निबंध. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मातंग मुलगी, वय जेमतेम चौदा, आणि १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापून आला. ताईने तो आम्हा चौघींना मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना तिचा आवाज एकदाच चिरकला. संपल्यावर ती म्हणाली, “ही माझी आहे.” मग जरा थांबून माझ्याकडे बघून म्हणाली, “आणि तुझी बी.” आमच्या जाती वेगळ्या, बोली वेगळ्या, गावं दीडशे-दोनशे किलोमीटर लांब. सावित्रीबाईंच्या जोडीला फातिमा शेख होत्या, हे मी शाळेत एका ओळीत शिकले होते. त्या ओळीचा अर्थ मला त्या खोलीत कळला.

आता दाखल्याचं सांगते, कारण ताईकडून मला जे मिळालं त्यातलं सगळ्यात टिकाऊ हेच आहे.

माझ्याकडे जातीचा दाखला नव्हता. आमच्या घरात कुणाकडेच नव्हता, कारण कुणाला लागलाच नव्हता. विमुक्त जाती-भटक्या जमातींना दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा राज्यातला पुरावा लागतो. अनुसूचित जातींना १९५०चा, इतर मागासवर्गीयांना १९६७चा. आता विचार करा, ज्या लोकांवर १८७१च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का होता, तो पुसला १९५२ साली, आणि जे पिढ्यानपिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून हिंडले, त्यांच्याकडे १९६१च्या आधीचा कुठला कागद असणार? आजोबा शाळेत गेले नव्हते. जमीन नावावर उशिरा झाली. एका कार्यालयात मला तीनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी ताईला म्हटलं, नको मला शिष्यवृत्ती.

ताईला स्वतःच्या दाखल्यासाठी अकरा महिने लागले होते. त्या अकरा महिन्यांत तिने जे शोधलं ते सगळं तिच्या एका वहीत होतं. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा चालतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक असतं, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी जातीसकट असतात. मराठवाड्यातल्या निजामकाळातल्या नोंदी उर्दूतही असतात, त्या वाचून घ्याव्या लागतात. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कुणाचीही नोंद चालते, आजोबांचीच पाहिजे असं नाही. ही शेवटची ओळ मला कुठल्याच खिडकीवर कुणी सांगितली नव्हती.

मी फेब्रुवारीत गावी गेले. आजीजवळ बसून भावकीतल्या म्हाताऱ्यांची नावं काढली. आजोबांचा धाकटा भाऊ लहानपणी ‘शाळेत महिनाभर गेला होता’ असं ती सहज बोलून गेली. जवळच्या गावातल्या जुन्या शाळेत जाऊन विनंती केली. मुख्याध्यापक बाईंनी स्वतः कपाटातून रजिस्टरं काढली, धूळ झटकली, दोन दिवस माझ्याबरोबर बसल्या. १९५४ सालच्या पानावर चुलत आजोबांचं नाव सापडलं. इयत्ता पहिली. जात: लमाण. शाळा सोडण्याचं कारण: गैरहजर.

त्यांच्या एका महिन्याच्या शाळेवर माझा दाखला झाला. माझ्यानंतर माझ्या भावाचा, चुलत बहिणींचा, भावकीतल्या चौदा मुलांचा. पहिल्या वर्षीची शिष्यवृत्ती हुकली होती, दुसऱ्या वर्षापासून मिळाली.

आता माझ्या हातून जे झालं नाही ते लिहिते.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. आमचे लोक कारखान्यांवर अडकले, एप्रिलमध्ये कसेबसे परतले. मीही तांड्यावर आले आणि नोव्हेंबरपर्यंत राहिले. तेव्हा आमच्या शेजारची एक मुलगी नववी होऊन दहावीत गेली होती. गणितात हुशार. मी तिला शिकवायला लागले. ताईने मला दिलं ते मी हिला देतेय असं वाटून मला फार बरं वाटायचं. मी तिला मुक्ता साळवेची पानं वाचून दाखवली. तुला खूप पुढे जायचंय, घाबरायचं नाही, असं रोज सांगायचे. शाळा मोबाईलवर होती. तिच्या घरात एकच फोन आणि तो वडिलांबरोबर कामावर. माझ्या फोनवर आम्ही दोघी बघायचो.

२०२१च्या मेमध्ये तिचं लग्न ठरलं. वय सोळा. मी तेव्हा पुन्हा तांड्यावर होते. मला तिने रात्री शेळ्यांच्या गोठ्याजवळ बोलावून सांगितलं. मी चाइल्डलाइनला, १०९८वर, फोन केला. माणसं आली, लग्न थांबलं, घरच्यांनी कागदावर लिहून दिलं. बारा दिवसांनी दुसऱ्या जिल्ह्यात नातेवाइकांकडे जाऊन त्यांनी ते लावून टाकलं.

मी तिच्या आईकडे भांडायला गेले. मावशी चुलीपुढे होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “दसऱ्याला आम्ही जाणार. सोळा वर्षांची पोर सहा महिने इथं एकटी ठेवू का? तिकडं कोपीत नेली तर रात्री कोण कुठून येईल ते मी बघू का ऊस तोडू? तू सांग, सहा महिने तिला कुठं ठेवतीस? आत्ता सांग, मी आत्ता जाऊन लेकीला घेऊन येते.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वर्षभर त्या मुलीला धीर देत होते. हिमतीची कमतरता तिच्यात नव्हतीच. तिला लागत होती सहा महिन्यांची एक कॉट. ताईने मला पहिल्याच दिवशी ‘किती दिवस?’ विचारलं होतं. मी तिला ‘किती दिवस, कुठे, कुणाजवळ’ हे वर्षभरात एकदाही विचारलं नाही. ती चूक माझी आहे आणि ती मी कमी करून सांगणार नाही.

शाळकरी मुलांसाठीची हंगामी वसतिगृहं आमच्याकडे आठवीपर्यंत. मुलगी नववीत जाते तेव्हाच ती सोय संपते आणि तेव्हाच घरच्यांना तिची काळजी वाटू लागते. लग्नं बरोबर त्या फटीत होतात. त्याच २०२१ साली सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली, ४१ तालुक्यांत मुलांची एक आणि मुलींची एक अशी ८२ वसतिगृहं, प्रत्येकी शंभर जागांची. चांगली गोष्ट आहे. पण जागा आहे हे तांड्यावर कळलं पाहिजे, अर्ज वेळेत गेला पाहिजे, त्याला दाखले जोडले पाहिजेत आणि आईला तिथली एखादी मुलगी डोळ्यांनी दिसली पाहिजे. जाहिरात वाचून कुठलीच आई मुलीला पाठवत नाही. ‘शेजारच्या तांड्यावरची ती आहे ना तिथं, तिच्याच खोलीत राहील,’ म्हटलं की पाठवते.

म्हणून आता आम्ही जे करतो ते एवढंच आहे. एम.एस्सी. करून २०२३मध्ये मला नोकरी लागली. माझ्यासारख्या, आपापल्या तांड्यातून किंवा वस्तीतून पहिल्या बाहेर पडलेल्या आम्ही नऊ जणी आहोत. बंजारा आहेत, वडार आहेत, एक पारधी आहे, दोघी मातंग. कुणी नर्सिंग करते, कुणी डी.एड., एक एस.टी.त वाहक आहे. आमची संस्था नाही, नाव नाही. प्रत्येकीने आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षं मागे असलेल्या दोघी धरायच्या. जास्त नाही. दोघींच्या पलीकडे गेलं की फोन उचलायचा राहतो आणि फोन उचलला नाही की सगळं संपतं.

दसऱ्याच्या आधी दोन रविवार तांड्यावर जायचं. मुलीशी नंतर, आधी आईशी बोलायचं. पहिला प्रश्न, हंगामात मुलगी कुठे राहणार. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय अभ्यासाचं बोलायचंच नाही. वसतिगृह, मामा, आजी, आमच्यापैकी कुणाची खोली, काहीतरी ठरवूनच उठायचं. मग फाईल. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, आधारला जोडलेलं बँक खातं. यातला कुठला कागद कुणाचा अडकलाय ते त्या दोघींपैकी मोठीने बघायचं. मागच्या वर्षी दाखला काढलेली मुलगी यंदा दुसरीबरोबर तहसीलला जाते. मला माहीत असलेल्या बऱ्याच गोष्टी आता जुन्या झाल्या, वेबसाइट बदलली, नियम बदलले. तिला ताजं माहीत असतं.

पहिल्या वर्षी आम्ही धरलेल्या आठ जणींपैकी पाच आज कॉलेजात आहेत. दोघींची लग्नं झाली. एक आई-वडिलांबरोबर फडात गेली, तिच्याशी अजून बोलणं आहे.

याला पैसे लागतात, हेही लिहिलं पाहिजे. एस.टी.चं भाडं, फोनचा रिचार्ज, झेरॉक्स, दिवसाची बुडालेली मजुरी. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने हे सगळं मनाच्या मोठेपणाने करावं असं मानणं बरोबर नाही. ती स्वतः अजून शिकतेय, तिचीही मेसची थकबाकी आहे. आम्ही नोकरी करणाऱ्या चौघी दर महिन्याला थोडे पैसे काढतो आणि मोठ्या मुलीला भाडं-रिचार्ज हातात देतो, मागायला लावत नाही. मला महिला दिनाला भाषणाला बोलावतात तेव्हा मी विचारते, तुमच्या कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षाच्या चार मुलींचा वर्षभराचा पास काढून द्याल का? त्या आठवड्यातून एकदा पहिल्या वर्षाच्या मुलींबरोबर बसतील. दोन ठिकाणी हो म्हणाले आणि तिथे ते चाललं आहे.

ताई आता लातूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिला मुलगी झाली तेव्हा मी आठ दिवस जाऊन राहिले. तिची आई तेव्हा आजारी होती.

आणि ती शेजारची मुलगी. आता वीस वर्षांची आहे, तिचा मुलगा दोन वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात माहेरी आली होती तेव्हा तिने स्वतःहून विचारलं, दहावीचं काही करता येतं का. बाहेरून परीक्षा द्यायला सतरा नंबरचा फॉर्म भरता येतो. फॉर्म भरायला तिच्याबरोबर आमच्यातली अकरावीतली एक मुलगी गेली, तिच्याहून चार वर्षांनी लहान. तीच तिला बीजगणिताची उदाहरणं फोनवर पाठवते. फोटोत एखादं उदाहरण नीट आलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत काढते.

तिचा नवरा आणि ती सध्या कोल्हापूर जिल्ह्यात फडात आहेत. परीक्षेसाठी ती येणार आहे. पेपर चालू असतील तोवर तिचा कोयता तिची आई धरणार आहे, हे मावशीनेच मला फोन करून सांगितलं. मुलाला सांभाळायला मी कंपनीत रजा टाकली आहे.